सातबारा, पॅकेज आणि मेलमॉटची मुलगी

घरून येणाऱ्या फोनवर हल्ली एक विषय ठरलेला असतो: मुलींच्या अपेक्षा फार वाढल्यात. मुलगा पुण्यातच हवा, फ्लॅट स्वतःचा हवा, गावाकडे शेती हवी पण नवरा शेतकरी नको. 2022 साली सोलापुरात, लग्नाला मुली मिळत नाहीत म्हणून लग्नाळू तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला होता. त्यामागचं दुखणं खरं आहे, त्याची टिंगल मी करणार नाही. पण त्याला जोडून येणारं पालुपद, की पूर्वी माणूस बघून लग्नं व्हायची आणि आता पैसा बघून होतात, ते मला पटत नाही. इंग्लंडात येऊन व्हिक्टोरियन कादंबऱ्यांचा नाद लागल्यापासून तर मुळीच नाही.

इथेही बहुतेकांना या कादंबऱ्या टीव्हीवरून माहीत असतात. बग्ग्या, मेणबत्त्या, नाच. पुस्तक उघडलं की मात्र जिकडेतिकडे आकडे. कोणाला वर्षाला किती मिळतात, कोण मेल्यावर कोणाला काय मिळणार. जॉर्ज एलियट या लेखिकेच्या ‘मिडलमार्च’मध्ये (1871-72) डोरोथियाचा म्हातारा नवरा मृत्युपत्रात कलम घालून जातो, की हिने अमक्या तरुणाशी लग्न केलं तर माझी इस्टेट हिला नाही. ती इस्टेटीवर पाणी सोडून त्याच्याशीच लग्न करते. छान वाटतं वाचायला. पण तिचे स्वतःचे वर्षाला 700 पौंड आहेत, हे लेखिकेने आपल्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं.

त्याच कादंबरीत डॉक्टर लिडगेट आणि रोझामंड आहेत. पैशावरून नवरा-बायकोत जे होतं, ते इतक्या बारकाईने लिहिलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. मुलगी देखणी, मुलगा हुशार आणि चांगल्या घराण्यातला. तुझ्याकडे आहे किती हे तिने विचारलं नाही, घर किती खर्चात चालेल हे त्याने सांगितलं नाही. सामान, चांदीची भांडी, दागिने, सगळ्याची बिलं थकतात. शेवटी एका संध्याकाळी तो सांगतो, की घरातलं सामान तारण द्यावं लागतंय आणि उद्या माणूस यादी करायला येणार आहे. ती दागिन्यांचे डबे आणून पुढ्यात ठेवते, हवं ते परत कर म्हणते, आणि उद्या मी इथे थांबणार नाही, बाबांकडे जाते म्हणून सांगते. नावं बदला, नाशिकमधलं कुठलंही घर.

लग्न लागलं की बायकोचा पैसा नवऱ्याचा, असा तेव्हा इथला कायदा होता. 1870 मध्ये निदान तिची कमाई तिची झाली, मालमत्ता तिची व्हायला 1882 उजाडलं. विरोधक म्हणत होते, अशाने संसारात भांडणं लागतील. (मुलींना वाटा द्यायची वेळ आली की आपल्याकडचे काका-मामा हेच म्हणतात.) पैसेवाल्या बापांनी मात्र आधीच तोड काढली होती: लग्नापूर्वी वकील बसवून मुलीच्या नावे ट्रस्ट करायचा, म्हणजे जावयाला हात लावता येत नाही. मुलीच्या स्वातंत्र्याचं त्यांना फारसं पडलेलं नव्हतं, जावयावर भरवसा नव्हता इतकंच. पण कागद होत असे.

आजही इथे कोणाला पगार विचारणं असभ्य समजतात. पण माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण मित्राबरोबर घर घेत होती, तेव्हा सॉलिसिटरने पाठवलेला फॉर्म तिने जेवणाच्या सुट्टीत दाखवला. घर दोघांचं सामाईक की वेगवेगळे हिस्से? हिस्से असतील तर किती टक्के? वेगळं व्हायची वेळ आली तर तिच्या आईवडिलांनी दिलेले पैसे कोणाकडे जाणार? लग्नाचा अजून पत्ता नव्हता, तरी दोघांनी बसून सगळं भरलं.

आपल्याकडे बायोडाटावर पॅकेज लिहितात, फ्लॅट किती बीएचके ते लिहितात, शेती बागायती की जिरायती तेही. सातबारा मागवून बघणारेही आहेत. मात्र त्या फ्लॅटच्या अ‍ॅग्रीमेंटवर मुलीचं नाव येणार का, हप्ते कोणाच्या पगारातून जाणार, असं कोणी विचारलं की बैठकीत सगळे चहाच्या कपात बघायला लागतात. माहेरची तऱ्हा तीच. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने 1994 साली अविवाहित मुलींना दिला, 2005 साली तो देशभर झाला. तरी हक्कसोडपत्रावर सही घेऊन साडीचोळीवर बोळवण चालूच आहे. मुली पैशाचं फार विचारतात म्हणे. मला तर त्या फार लवकर गप्प बसतात असं वाटतं.

अँथनी ट्रोलॉपच्या ‘द वे वी लिव्ह नाऊ’मध्ये (1875) मेलमॉट नावाचा बडा सटोडिया आहे. उद्या बुडालोच तर हाताशी असावं म्हणून त्याने मुलीच्या, मरीच्या, नावावर पैसा ठेवलाय. बाप काही देणार नाही म्हटल्यावर तिच्यामागे लागलेल्या सर फेलिक्सचं प्रेम पातळ होतं. पैसा तिच्याच नावावर आहे कळल्यावर पुन्हा दाटून येतं. पळून जायचं ठरतं, ती बिचारी लिव्हरपूलपर्यंत पोचतेही, आणि हा तिने दिलेले पैसे क्लबात जुगारात घालवून बसलेला. पुढे बाप सही मागतो, मारतो, तरी ती सही करत नाही. शेवटी दुसरा एक जण अमेरिकेला चल म्हणतो, तेव्हा मरी आधी तिथला कायदा समजून घेते. तिकडे लग्नानंतरही बाईचा आपल्या पैशावर इंग्लंडपेक्षा जास्त ताबा राहतो, हे कळल्यावर त्या माणसाचं पारडं जड होतं.

माझ्या भाचीचं सध्या बघताहेत. पॅकेजच्या खाली फ्लॅटवर नाव कोणाचं आणि कर्ज किती हेही विचार, असं मी तिला सांगितलं, तर ताई भडकली: "असलं विचारलं तर आलेलं स्थळ जाईल!" जाईलही. फेलिक्ससारखं स्थळ असेल तर लिव्हरपूलच्या आधीच गेलेलं बरं.