मेढ्याच्या कट्ट्यावर शाळेचा पट

30 सप्टेंबरचा पट वर कळवला गेला की सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्याच्या डोंगरातल्या जिल्हा परिषद शाळांचे पुढच्या वर्षीचे नशीब ठरते, आणि मग मेढ्याच्या स्टँडजवळच्या आमच्या कट्ट्यावर दुसरा विषय निघत नाही. या वेळी वादाला तोंड फोडले ते अण्णांनी. अण्णा इमारतींची आणि रस्त्यांची कंत्राटे घेतात, आणि कोणताही प्रश्न पुढे आला की त्यांचे बोलणे पाया खोदण्यापासून सुरू होते.

“वाड्यावाड्यांवरच्या या शाळा बंद करा, बामणोलीला एक तीन मजली शाळा उभी करा आणि मुलांना बसने आणा,” अण्णा म्हणाले. “पानशेतला समूह शाळा झाली, तिकडे नंदुरबारात तोरणमाळला झाली. जावळीनेच काय घोडे मारले आहे?”

नाना पतसंस्थेत आहेत आणि आकड्यांशिवाय बोलत नाहीत. त्यांनी अण्णांची बाजू उचलून धरली. लहान शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे सरकारी पत्र 2023 च्या सप्टेंबरात निघाले, त्या वेळचे आकडे त्यांना तोंडपाठ होते. राज्यात 20 पर्यंत पट असलेल्या 14,783 शाळा, त्यांत 1,85,467 मुले आणि त्यांना शिकवायला 29,707 शिक्षक. “भागाकार करून पाहा,” ते म्हणाले, “एका शिक्षकामागे सहाच मुले येतात. सरकारने एवढा पगार कुठवर द्यायचा?”

शोभावहिनींनी गाळणी बाजूला ठेवली. कट्ट्याला लागून असलेली चहाची टपरी त्यांची. शिवाय त्या आपल्या वाडीच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष आहेत.

“नाना, तुमचा भागाकार बरोबर आहे, पण तो कागदावरचा आहे,” त्या म्हणाल्या. “आमच्या शाळेत दोन शिक्षक आहेत. त्यातले सर कधी सभेला तालुक्याला येतात, कधी आधार जुळणीला, कधी पोषण आहाराची माहिती भरायला, आणि निवडणूक लागली की मतदार यादी घेऊन दारोदार फिरतात. मागे उरतात एकट्या बाई आणि त्यांच्यापुढे पहिली ते चौथीचे चार वर्ग. तुम्ही शिक्षकामागे सहा मुले मोजता, मी वर्गामागे पाव शिक्षक मोजते.”

या एका वाक्याने नानांचा सगळा ताळेबंद उलटा झाला. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवून दिले, ते अशाच शाळा डोळ्यांपुढे ठेवून. मुले सहा असोत की सोळा, पहिलीच्या मुलाला अक्षर गिरवून घ्यावे लागते आणि त्याच वेळी चौथीच्या मुलाला भागाकार समजावावा लागतो. असे असताना 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने संच मान्यतेचे, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरवण्याचे, निकष आवळले आणि सहावी ते आठवीत 20 हून कमी मुले असतील तर एकही शिक्षक न देण्याची तरतूद केली. डोंगरी तालुक्यासाठी याचा अर्थ इतकाच होतो की पाचवी झालेल्या मुलाने गाव सोडावे किंवा शाळा सोडावी.

“सोडावे लागले तर सोडावे. मी नाही का मेढ्याला राहून शिकलो?” अण्णा म्हणाले.

“तुम्ही राहिलात, पण शिकलात कधी?” असे म्हणून गुरुजींनी पहिल्यांदा तोंड उघडले. गुरुजी म्हणजे निवृत्त केंद्रप्रमुख, आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारे अधिकारी. चौथीत अण्णा त्यांच्याच वर्गात होते. अण्णांची पाढ्याची गाडी सत्रावर अडली की ते पोट दुखत असल्याचे सांगून घरी पळत, ही गोष्ट कट्ट्याने अनेकदा ऐकलेली आहे, तरी ती पुन्हा सांगितली गेली आणि पुन्हा सगळे हसले. अण्णांनी मग जुना राग काढला. शाळेच्या संरक्षक भिंतीचे त्यांचे देयक गुरुजींनी त्या काळी अडवून धरले होते. “भिंत पहिल्याच पावसात कलली होती,” एवढेच उत्तर गुरुजींनी दिले आणि चहाचा दुसरा घोट घेतला.

वाशीला माथाडी कामगार असलेला संदीप नवरात्रासाठी गावी आला होता. पट का घसरतो, यावर आमच्यात सर्वांत अधिकाराने बोलू शकेल असा माणूस तोच. कोयनेचे पाणी साठले तेव्हा जावळी, पाटण आणि महाबळेश्वर या तालुक्यांतली गावे उठली, काळ्या जमिनी पाण्याखाली गेल्या आणि उरलेल्या वरकस रानावर घर चालेना, म्हणून माणसे मुंबईच्या गोदीत आणि बाजार समितीत ओझी वाहायला गेली. “माझा मुलगा इथे पटावर असता तर तुमची शाळा एकाने वाढली असती,” तो म्हणाला. “पण मुंबईला गेलेल्या बापाला शाळेची काळजी नसते असे समजू नका. गावच्या शाळेत दोन शिक्षक कायम राहतील असे कोणी लिहून दिले असते, तर बायको आणि मुलगा इथेच राहिले असते. आमच्या खोलीत अभ्यासाला पाट टाकायलाही जागा नाही.”

मला हे बोलणे फार महत्त्वाचे वाटते, कारण पट कमी म्हणून शिक्षक कमी आणि शिक्षक कमी म्हणून पट आणखी कमी, हा फेरा कोणत्याही अहवालात इतका स्पष्ट मांडलेला मी वाचला नाही. 2017 च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळा बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा गुणवत्तेचेच कारण पुढे केले होते. त्या शाळांतली मुले दुसरीकडे जाऊन किती शिकली, याचा हिशेब तितक्याच गाजावाजाने मांडला जायला हवा होता.

अण्णांनी बसचा मुद्दा सोडला नाही. केंद्र आणि राज्याच्या समग्र शिक्षा योजनेतून मुलामागे वर्षाला 6,000 रुपयांपर्यंत वाहतूक भत्ता मिळतो, मग अडचण कसली, असा त्यांचा सवाल होता. शोभावहिनींनी त्यांना खिरखंडीची आठवण करून दिली. आमच्याच तालुक्यातल्या त्या गावच्या मुली कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत आणि पुढे जंगलातून चालत अंधारीच्या शाळेला जात होत्या. वर्तमानपत्रांत ती बातमी आली आणि जानेवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून तिची दखल घेतली. “अण्णा, तुमचा भत्ता बसचा आहे. पाण्यावरून बस कशी आणणार ते सांगा,” असे वहिनी म्हणाल्या, तेव्हा अण्णा पूल बांधण्याविषयी बोलू लागले.

पैशाचा विषय निघाला तेव्हा वहिनींनी टपरीच्या फळीवरून एक वही काढली. चहाच्या उधारीची वही वेगळी आणि ही वेगळी. हिच्यावर प्लास्टिकचे वेष्टन होते. समितीला दाखवायच्या खर्चाची टिपणे त्या स्वतःसाठी हिच्यात उतरवून ठेवतात. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला संयुक्त शाळा अनुदान मिळते ते वर्षाला 10,000 रुपये, आणि त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करणे बंधनकारक असते. त्या बोटाने ओळी दाखवत गेल्या: खराटे आणि फिनेल, खडू, हजेरीपत्रके, छपराचे दोन पत्रे, मुताऱ्यांच्या नळाची तोटी, झेरॉक्स, आणि पानाच्या शेवटी वीजबिल. वीजबिलाच्या ओळीपुढे रक्कम पेन्सिलीने लिहिली होती, कारण ती गावातून वर्गणी काढून भरली होती आणि ती कोणत्या शीर्षाखाली दाखवावी, हे कोणालाच सांगता आले नव्हते.

“एकतीस ते शंभर पटाला 25,000 मिळतात,” नाना म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज बराच खाली आला होता. “म्हणजे तीस मुलांच्या छपराला 10,000 आणि एकतीस मुलांच्या छपराला 25,000.”

“छप्पर मुले मोजून गळत नाही,” वहिनी म्हणाल्या.

मी कट्ट्यावर सहसा ऐकणाऱ्यांत असतो, पण इथे मला बोलल्याशिवाय राहवले नाही. पगार राज्य सरकार देते, अनुदान केंद्र आणि राज्य मिळून चालवतात त्या समग्र शिक्षेतून येते, दुरुस्तीला जिल्हा परिषदेच्या सेसकडे, म्हणजे तिच्या स्वतःच्या निधीकडे, किंवा जिल्हा नियोजन समितीकडे हात पसरावा लागतो आणि शाळेचे दार कोणत्या दिवशी उघडले नाही, हे मात्र फक्त वाडीला ठाऊक असते. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा आल्या त्या कारभार लोकांच्या दारात आणण्यासाठी. मार्च 2022 मध्ये साताऱ्यासह बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढची तीन वर्षे उलटून गेली तरी कारभार प्रशासकांच्याच हाती राहिला. शिक्षण समितीचा सभापती नव्हता, गटातून निवडून आलेला सदस्य नव्हता. गळक्या वर्गाची तक्रार घेऊन ज्याच्या ओट्यावर जाऊन बसावे आणि ज्याला पुढच्या निवडणुकीची भीती घालावी, असा माणूसच व्यवस्थेत उरला नव्हता.

“सदस्य होते तेव्हा तरी काय दिवे लावले?” अण्णांनी विचारले. हा प्रश्न रास्त होता. बदल्यांच्या चिठ्ठ्या आणि बांधकामांची टक्केवारी आम्ही सगळ्यांनी पाहिली आहे.

“अण्णा, टक्केवारीबद्दल तुम्ही बोलाल तेवढे प्रमाण मानू,” संदीप म्हणाला, आणि अण्णांसकट सगळे हसले.

वहिनींनी गणवेशाचे उदाहरण दिले. कायद्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या. पूर्वी एका गणवेशाला 300 रुपये समितीकडे येत, आणि मेढ्याच्या शिंप्याकडे मुलांना नेऊन त्या मापे देत. 2024-25 मध्ये राज्यभर एकच कापड आणि एकच व्यवस्था आली. कितीतरी शाळांत गणवेश उशिरा पोहोचले, काही आखूड निघाले, काही ढगळ. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सरकारने हे काम पुन्हा समित्यांकडे सोपवले. “मुलाचे माप त्याच्या आईला ठाऊक असते, हे कळायला मंत्रालयाला एक शैक्षणिक वर्ष लागले,” त्या म्हणाल्या. “शिक्षकाच्या बाबतीतही आमचे एवढेच मागणे आहे. नेमणूक तुम्ही करा, पगार तुम्ही द्या, पण दुसऱ्या कामाला त्याला वर्गातून उठवायचे असेल तर आधी समितीला विचारा.”

एवढे सगळे झाल्यावर नानांनी मूळ प्रश्न विचारला. मुले शिकतात का? ग्रामीण मुलांचे वाचन आणि गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या 2024 च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीच्या 23.4 टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. 2022 मध्ये हेच प्रमाण 16.3 होते. सुधारणा आहे, पण चारांतल्या तिघांना अजून वाचता येत नाही, हेही तितकेच खरे आहे. पैसा वाढवला म्हणजे वाचन वाढेल, असे छातीठोकपणे कोण सांगणार?

गुरुजींनी कप खाली ठेवला. “पैशाने काय होते ते मला नीटसे माहीत नाही, पण माणसाने काय होते ते मी कुमठे बीटमध्ये पाहिले आहे.” आमच्याच जिल्ह्यातल्या त्या बीटमध्ये, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेल्या शाळांच्या गटात, प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना हाताशी धरून मुलाने स्वतः करून शिकण्याची ज्ञानरचनावादी पद्धत रुजवली, राज्यभरातून हजारो शिक्षक ती पाहून गेले आणि 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाला तिथूनच बळ मिळाले. गुरुजी सांगत होते ते मात्र एका मुलीविषयी होते. फरशीवर आखलेल्या चौकटीत ती बसली होती आणि बावन्नातून सत्तावीस वजा करत होती. तिच्यापुढे काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या होत्या. सात काड्या उचलायला गेल्यावर सुट्या कमी पडल्या, तेव्हा तिने क्षणभर विचार केला, एका गठ्ठ्याचे रबर काढले आणि दहा काड्या सुट्या केल्या. “‘हातचा घेतला’ हे शब्द तिला कोणी सांगितलेच नव्हते. मी तीस वर्षे फळ्यावर हातचे लिहीत आलो होतो,” गुरुजी म्हणाले, “आणि त्या काड्यांना सरकारचा एक पैसाही लागला नव्हता. लागली ती दर आठवड्याला वर्गात येऊन बसणारी अधिकारी. राज्यात केंद्रप्रमुखांची 4,860 पदे मंजूर आहेत, आणि वर्षानुवर्षे त्यांतली कितीतरी रिकामी राहिली. वर्गात येऊन बसायला कोणी नाही, आणि आपण पट मोजत बसलो आहोत.”

यावर अण्णा बराच वेळ गप्प होते. मग ते म्हणाले, “पण गुरुजी, सहा मुलांत कबड्डीचा संघ होत नाही.” त्या दिवसातले त्यांचे सर्वांत खरे वाक्य हेच असावे. लहान शाळेतले मूल एकटे पडते, त्याला बरोबरीचा सवंगडी मिळत नाही, आणि याचे उत्तर शिक्षकसंख्येत नाही. वहिनींनीही ते मान्य केले. आठवड्यातून एक दिवस केंद्रातल्या शाळांनी एकत्र यावे, खेळावे, एकमेकांसमोर वाचून दाखवावे आणि बाकीचे दिवस आपापल्या वाडीत शिकावे, असे त्यांनी सुचवले. नाना वहीच्या मागच्या पानावर त्याच्या खर्चाचा अंदाज मांडू लागले.

“मग त्या एका दिवसासाठी तरी बस लागेलच की नाही?” अण्णांनी विजयी मुद्रेने विचारले. “एस.टी. आहे कशाला? मी एक फोन केला तर महामंडळ गाडी सोडेल.”

तेवढ्यात स्टँडवरच्या कर्णावरून आवाज आला की बामणोलीची मुक्कामी गाडी आज रद्द झाली आहे. ही अण्णांची गाडी. संदीपने स्वतःचा मोबाईल काढून अण्णांपुढे धरला. “करा तो एक फोन,” तो म्हणाला, आणि नानांच्या हातातली पेन्सिल हसण्याने खाली पडली. शेवटी संदीपच्याच मोटारसायकलवर मागे बसून अण्णा घाटाकडे निघाले, आणि वळणापर्यंत त्यांचा हात हवेत पुलाची लांबी दाखवत होता.