‘पेशंटला काय कळतंय?’ या आक्षेपाला उत्तर

नमस्कार.

स्वरयंत्राच्या कर्करोगात उपचार ठरवण्यापूर्वी रुग्णाला त्याची पसंती विचारली गेली पाहिजे, या माझ्या लेखावर आपण सविस्तर आक्षेप घेतले आहेत. आधीच घाबरलेल्या माणसापुढे स्वरयंत्र काढण्याची शस्त्रक्रिया आणि आवाज वाचवू पाहणारे किरणोपचार (रेडिएशन) असे दोन उपचार ठेवून ‘तुम्हीच ठरवा’ म्हणणे म्हणजे डॉक्टरांनी सभ्यपणे अंग काढून घेणे होय, असे आपले म्हणणे आहे. शिवाय मी आधाराला घेतलेला १९८१ सालचा अभ्यास अमेरिकेतल्या धडधाकट लोकांवरचा असून आपल्याकडे असे निर्णय घरचे लोक घेतात, ते तसेच राहावे, असेही आपण लिहिले आहे.

आधी अभ्यासाविषयी. बार्बरा मॅकनील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३७ निरोगी व्यक्तींना, म्हणजे अग्निशमन दलाचे जवान आणि कंपन्यांमधले अधिकारी यांना, कल्पनेतला प्रश्न विचारला होता, हे खरेच आहे. त्यांपैकी साधारण २० टक्के लोकांनी, जगण्याची शक्यता कमी झाली तरी चालेल पण आवाज राहू दे, असा कौल दिला. यावरून पाचातला एक रुग्ण असेच म्हणेल, असे कोणी म्हटले तर ते चूक ठरेल, आणि मी तसे म्हटलेले नाही. उलट १९९० साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रत्यक्ष कर्करोग झालेले रुग्ण अगदी थोड्या फायद्यासाठीही कडक केमोथेरपी सोसायला तयार होते, तर निरोगी माणसे, परिचारिका आणि डॉक्टर तेवढ्याशा फायद्यासाठी ती घ्यायला राजी नव्हते. तेव्हा ‘निरोगी माणसांचे मत रुग्णाला लागू होत नाही’ हा आपला मुद्दा मला मान्यच आहे. फक्त तो रुग्णाच्या वतीने बोलणाऱ्या मुलालाही तितकाच लागू होतो, कारण तोही निरोगीच असतो.

आता आवाज जाणे म्हणजे नेमके काय, ते पाहू. संपूर्ण स्वरयंत्र काढल्यावर श्वास नाकातोंडातून न जाता मानेवरच्या कायमच्या छिद्रातून होतो. वास फारसा येत नाही, आंघोळ करताना छिद्रात पाणी जाऊ नये म्हणून जपावे लागते आणि विहिरीत किंवा नदीत उतरून पोहणे जवळपास बंद होते. बोलण्यासाठी श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये छोटी झडप बसवतात. छिद्रावर बोट दाबले की हवा झडपेतून वर जाते आणि घोगरा, पण कळण्याजोगा आवाज निघतो. ही झडप काही महिन्यांनी बदलावी लागते. मुंबई-पुण्यात राहणाऱ्याला हे जमते, परंतु गडचिरोलीच्या एखाद्या खेड्यातून दर वेळी कोण घेऊन येणार, हा प्रश्न वैद्यकीय नसला तरी उपचाराचा भागच आहे. दुसऱ्या पर्यायाचीही किंमत असते. किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस असे सहा-सात आठवडे चालतात. बाहेरगावच्या माणसाला तेवढे दिवस मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयाच्या आसपास किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा शोधावी लागते, रोजगार बुडतो, तोंड कोरडे पडते आणि गिळण्याचा त्रास कधी कधी कायमचा मागे लागतो.

या दोन्हींत जगण्याचा फरक मोठा असता तर आपले म्हणणे मी बरेचसे मान्य केले असते. परंतु १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकी सैन्यातून निवृत्त झालेल्यांच्या रुग्णालयांतल्या ३३२ रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षांनंतरचे जगण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या आणि केमोथेरपी-किरणोपचारांच्या अशा दोन्ही गटांत सारखेच, ६८ टक्के, निघाले आणि केमोथेरपी व किरणोपचार घेतलेल्या गटात ६४ टक्के रुग्णांचे स्वरयंत्र वाचले. सर्वच गाठींना हे लागू नाही. स्वरयंत्राची कूर्चा (लवचिक, हाडासारखा भाग) फोडून बाहेर आलेल्या गाठीत शस्त्रक्रियाच सहसा श्रेयस्कर ठरते. तंबाखू-गुटख्यामुळे होणाऱ्या गालाच्या कर्करोगातही शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय असतो, आणि तिथे डॉक्टरांनी उगाच पर्यायांचा देखावा न करता तसे स्पष्ट सांगावे. जिथे वैद्यकशास्त्राचे पारडे कोणत्याच बाजूला झुकत नाही, तिथे मात्र उरलेला निर्णय बोलण्याचे, गिळण्याचे आणि रोजगाराचे मोल किती, याचा असतो, आणि ते मोल रुग्णाला विचारल्याशिवाय डॉक्टरांना कळणार नाही.

घराबद्दल आपण लिहिले ते जिव्हाळ्याने लिहिले आहे. पण ओपीडीत दिसते ते असे: फाइल घेऊन मुलगा आणि जावई आत जातात, ‘बाबांना काही सांगू नका’ असे दबक्या आवाजात बजावतात, आणि बाबा बाहेर बाकावर आपल्या नावाचा पुकारा होण्याची वाट पाहत बसलेले असतात. घरच्यांनी सोबत असावे, खर्चाचा हिशेब त्यांनी मांडावा, याला माझी हरकत नाही. पण रुग्णाऐवजी संमती त्यांनी देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली प्रकरणात, तपासणीसाठी बेशुद्ध केलेल्या ४४ वर्षांच्या स्त्रीचे गर्भाशय तिच्या आईच्या संमतीवर काढणे बेकायदा ठरवले. तो आजार कर्करोग नव्हता, तरी तत्त्व तेच आहे. गंमत म्हणजे त्याच निकालात न्यायालयाने, संमतीपूर्वी रुग्णाला किती माहिती द्यायची याची अमेरिकी पद्धतीची कडक कसोटी भारतात नाकारली आणि इथला गरीब रुग्ण डॉक्टरांवर विश्वास टाकतो, हेही नोंदवले. आपल्या बाजूची इतकी दखल घेऊनसुद्धा, तातडी नसताना शुद्धीवर येऊ शकणाऱ्या सज्ञान व्यक्तीऐवजी दुसऱ्याची सही चालणार नाही, हे न्यायालयाने कायम ठेवले.

राहिला जबाबदारी झटकण्याचा मुद्दा. कागद पुढे सरकवून ‘ठरवा आणि कळवा’ म्हणणारे डॉक्टर आहेत, आणि त्यांच्यावरचा आपला राग रास्त आहे. मी मागते आहे ते वेगळे आहे. डॉक्टरांनी रुग्णाला त्याचे काम काय, घरी कोण असते, बोलता आले नाही तर काय अडेल, हे विचारावे आणि त्यानंतर ‘तुमच्या बाबतीत मी अमुक सुचवतो’ असे स्वतःच्या तोंडाने सांगावे. त्यावर ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा, साहेब’ असे रुग्ण म्हणाला तर तीही त्याची पसंतीच आहे आणि ती पाळलीच पाहिजे. गर्दीत यासाठी वेळ कुठून आणायचा, असे आपण विचारले आहे. बायोप्सी आणि सीटी स्कॅनचे अहवाल येईपर्यंत काही दिवस जातातच. त्या दिवसांत वाचा-उपचारतज्ज्ञ किंवा वैद्यकीय समाजसेवक रुग्णाशी हे बोलू शकतात आणि त्याचे म्हणणे फाइलवर दोन ओळींत लिहून ठेवू शकतात, म्हणजे उपचार ठरवायला डॉक्टर एकत्र बसतील तेव्हा ते त्यांच्यासमोर असेल.