जुहूचं पाणी, डब्यातलं मीठ आणि ऑफिसातला समुद्र

"मावशी, हे बघ, किती सोपंय!" असं लिहून भाच्याने परवा एक फॉरवर्ड पाठवला. तो त्याआधी माहेरच्या ग्रुपवर दोनदा आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या फुलांसोबत एकदा येऊन गेला होता. तेव्हा मी न वाचताच वर सरकवला. पण भाचा अंधेरीला नवं ऑफिस घेतोय, रिसेप्शनला सहा फुटी खाऱ्या पाण्याचा टँक ठेवायचं त्याच्या डोक्यात आहे, आणि फॉरवर्ड वाचून या पठ्ठ्याने वीस-वीस लिटरचे दहा कॅन विकतही आणले. जुहूवरून पाणी भरून आणायला. मग मात्र मला राहवेना.

माझा अधिकार विचाराल तर एवढाच: फोर्टमधल्या एका ऑफिसात मी अ‍ॅडमिन बघायचे. साहेबांनी हौसेने खाऱ्या पाण्याचा टँक बसवला आणि महिन्याभरात "मॅडम, तुम्ही जरा लक्ष ठेवा" म्हणत तो माझ्या गळ्यात पडला. अकरा वर्षं सांभाळला.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. एक, मुंबईला समुद्र आहे, म्हणजे पाणी फुकट. दोन, ते नको असेल तर नळाच्या पाण्यात घरचं मीठ घाला. तीन, ओहोटीला हाजी अली-वरळीच्या खडकांवरून जिवंत कोरल, म्हणजे प्रवाळ, काढून आणा, तेही फुकट. चार, ऑफिसात एसी असतोच, चिलरचा, म्हणजे टँकचं पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राचा, खर्च वाचला. पाच, आज टँक भरा, उद्या मासे सोडा, त्यात एक "घाण खाणारा मासा" ठेवला की पुढे साफसफाई नाही. सहा, सहा फुटी टँक कुठल्याही मजल्यावर चालतो. सात, ईशान्येला आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश ठेवा, मागच्या भिंतीवर इंद्रजाल लावा. ताण उतरेल, बीपी उतरेल, धंदा चढेल.

तिसरा मुद्दा आधी घेते, कारण त्यात तुरुंग आहे.

मुंबईच्या खडकांवर प्रवाळ आहेत, हे खरं. बऱ्याच मुंबईकरांना ते माहीत नसतं आणि या फॉरवर्डवाल्याला माहीत आहे, हे वाचून मला आधी आश्चर्यच वाटलं. पण कळलं कुठून असेल, तर कोस्टल रोडच्या बातम्यांतून. मग त्या बातम्या पुढेही वाचायच्या होत्या. त्या रस्त्याच्या कामात हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळांच्या 18 वसाहती सापडल्या. सगळ्या मिळून एका टीपॉयवर मावतील एवढ्याच. त्या हलवायच्या म्हणून हजारो कोटींचा प्रकल्प हातात असलेल्या मुंबई महापालिकेला वनखात्याच्या वन्यजीव विभागाकडे परवानगी मागावी लागली. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ आले आणि 2020 साली त्या वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या. पालिकेला जे परवानगीशिवाय करता आलं नाही, ते तू, भाचेबुवा, रविवारी सकाळी छिन्नी-हातोडी घेऊन करणार?

याचं कारण 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा. दगडासारखे कडक प्रवाळ, काळं प्रवाळ, पंख्यासारखे पसरणारे समुद्रपंखे हे सगळे त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. शिक्षा किमान 3 वर्षं, 7 वर्षांपर्यंत वाढू शकते, वर दंड. समुद्री घोडेही त्याच यादीत, तेव्हा "एक जोडी गंमत म्हणून" हेही डोक्यातून काढून टाक. प्रवाळ मेलेलं, वाळलेलं असलं तरी सुटका नाही.

आणि आता सातव्या मुद्द्यातलं ते इंद्रजाल. जंगलातली दुर्मिळ वनस्पती, नजर उतरवणारी मुळी, असं काहीबाही सांगून फ्रेम करून विकतात ना, ती वनस्पतीच नाही. ते समुद्रपंखे किंवा काळं प्रवाळ असतं, समुद्राच्या तळाहून ओरबाडून वाळवलेलं. पहिल्या अनुसूचीतला प्राणी स्वतःच्या ऑफिसच्या भिंतीवर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक क्लायंटला दिसेल असा टांगायचा, वर स्पॉटलाइट मारायचा आणि धंदा वाढायची वाट बघायची! वास्तुशांतीला बोलावलेल्या पाहुण्यांत एखादा वनखात्यातला निघाला तर धंदा जामिनापासून सुरू होईल.

आता फुकटचं पाणी. भाच्याने हौसेने एक कॅन जुहूवरून भरून आणलाच होता, जुलैच्या पावसात. त्यातलं थोडं मी काचेच्या बरणीत काढून किचनच्या खिडकीत ठेवलं आणि त्याला म्हटलं, तीन दिवस थांब. पहिल्या दिवशी दुधाळ-करडं. दुसऱ्या दिवशी वर तेलकट साय. तिसऱ्या दिवशी तळाला बोटभर काळसर गाळ, आणि झाकण उघडल्यावर सडक्या अंड्याचा असा वास की ताईने बरणी थेट जिन्यात नेऊन ठेवली. पाण्यातले क्षार मोजायचा जुना रिफ्रॅक्टोमीटर अजून आहे माझ्याकडे. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला साधारण 35 ग्रॅम क्षार हवेत, त्या बरणीत निघाले 24. पावसाळ्यात नद्या, नाले, सांडपाणी सगळं किनाऱ्यालाच येऊन मिळतं. मिठी नदी माहीमला काय घेऊन येते हे मुंबईत वेगळं सांगायला नको. आमच्या एका साहेबांचा युक्तिवाद असायचा की मासे त्याच समुद्रात जगतात ना? जगतात, पण समुद्रात भरती-ओहोटी आहे, मासा नको तिथून निघून जाऊ शकतो. सहा फुटी काचेत तो जाणार कुठे?

अर्धं सत्य आहे यात, नाही म्हणत नाही. समुद्राकाठची मोठी मत्स्यालयं समुद्राचंच पाणी वापरू शकतात. पण ती ते आधी निवळवतात, गाळतात, निर्जंतुक करतात आणि रोज तपासतात. त्यांच्याकडे त्यासाठी माणसं आणि यंत्रं असतात. तुझ्याकडे दहा कॅन आहेत.

मीठ. घरच्या डब्यातलं मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, आयोडीन आणि गोळा होऊ नये म्हणून घातलेली भुकटी. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बाकी बरंच काही ठरावीक प्रमाणात असतं. त्यासाठी मरीन सॉल्ट वेगळं मिळतं. सहा फूट बाय दोन बाय दोनच्या टँकमध्ये काठोकाठ 680 लिटर पाणी, म्हणजे पहिल्याच भरण्याला जवळजवळ 24 किलो मीठ. पुढे दर पंधरवड्याला दहा टक्के पाणी बदललंस तर दर वेळी अडीच किलोच्या आसपास. पाणीही आरओचं, नळाचं क्लोरीनवालं नाही. रोज जे उडून जातं ते फक्त पाणी, क्षार मागे राहतात. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. फॉरवर्डवाल्याला हे माहीत असतं तर त्याने "पाणी कमी झालं की पुन्हा मीठपाणी घाला" असं लिहिलंच नसतं.

आणि या एवढ्या मिठात त्याला गोल्डफिश सोडायचे आहेत! नऊ! अरे, गोल्डफिश गोड्या पाण्याचा मासा. खाऱ्या पाण्यात त्याच्या अंगातलंच पाणी बाहेर ओढलं जातं, कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर सुटतं तसं. सकाळी नऊ सोडलेस तर संध्याकाळी किती उरतील ते विचारू नकोस. ईशान्य असो की नैऋत्य.

एसीचा मुद्दा वरवर शहाणा वाटतो, म्हणून त्यावर थोडी थांबते. सोमवार ते शुक्रवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सात एसी चालतो, कबूल. या टँकला चोवीस तास 25-26 अंश लागतं. शुक्रवारी सातला एसी बंद होतो, काचबंद ऑफिस तापायला लागतं, पंप आणि दिवे आपली उष्णता वेगळी सोडतात. मे महिन्यात सोमवारी सकाळी पाण्यात हात घातलास तर आंघोळीचं वाटेल. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि माशाला तर जास्त लागतो. म्हणून चिलर. आणि चिलर खोलीतच गरम हवा फेकतो, तेव्हा त्याची जागाही आधी ठरवायची.

पण आमचा टँक गेला तो उकाड्याने नाही. शनिवारी संध्याकाळी बिल्डिंगच्या वायरिंगचं काम निघालं, इलेक्ट्रिशियनने मजल्याचा मेन स्विच पाडला आणि तो निघून गेला. वॉचमनला वाटलं, ऑफिस बंदच आहे. सोमवारी लिफ्टचं दार उघडलं तेव्हाच मला वास आला. शिपाईकाका माझ्या आधी पोचले होते. टँकसमोर खुर्ची टाकून, मांडीवर जाळी घेऊन नुसते बसले होते. पाणी ताकासारखं पांढरं. पंप थांबला की प्राणवायू संपतो, मासे मरतात, फिल्टरमधले जिवाणूही मरतात आणि मग उरलेलंही सडतं. सात वर्षं जगलेली क्लाउनफिशची जोडी होती त्यात. काका तिला रोज गुड मॉर्निंग म्हणायचे.

ते जिवाणू काय, तर पाचव्या मुद्द्याचं उत्तर. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन विषं, तिसरं त्या मानाने सौम्य. ही जिवाणूंची वस्ती नव्या टँकमध्ये बसायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर मासे नाहीत. आणि "घाण खाणारा मासा" घाण खातो ती पुन्हा घाणच करायला.

मजल्याचं एका दमात सांगते. पाणी, काच, दगड, रेती, स्टँड धरून टँक टनभर होतो. म्हणजे सहा फूट बाय दोन फुटांच्या सतरंजीवर पंधरा माणसं कायमची उभी. ऑफिसच्या साध्या खोलीचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला अडीचशे किलोच्या हिशेबाने धरलेला असतो. इथे जवळपास नऊशे होतात. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचार, तो तुळई बघून जागा सांगेल. खालच्या मजल्यावर कोणाचा सर्व्हर आहे तेही विचार.

राहिलं बीपी. तर हो, ते खरं असावं. इंग्लंडमध्ये प्लिमथच्या मोठ्या मत्स्यालयात संशोधकांनी बघणाऱ्यांची नाडी आणि रक्तदाब मोजला, आणि टँककडे बघताना दोन्ही उतरले, असा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. फक्त, तिथे मासे बघणाऱ्यांना मासे सांभाळायचे नव्हते.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मग करूच नको का गं?" कर की. आधी इंजिनिअर, मग चिलर आणि बॅटरी बॅकअप, दोन महिने नुसतं पाणी फिरवायचं, आणि मग क्लाउनफिश, तेही टँकमध्येच पैदास झालेले. कोची मुख्यालय असलेल्या आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने ते तंत्र केव्हाच बसवलंय, समुद्रातून पकडलेले आणायचं कारण नाही. आणि वॉचमनच्या केबिनमध्ये एक फोन नंबर चिकटवायचा, शनिवार-रविवारी लाइट गेले तर लावायचा. कोणाचा नंबर देऊ, तेवढं कळव म्हटलं.

निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून नाही. कॅन सध्या ताईच्या बाल्कनीत आहेत. गुरुवारी आमच्या वॉर्डात पाणी नव्हतं, तेव्हा नऊ भरून ठेवले होते. जुहूवाला दहावा कितीही घासला तरी वास जात नाही.