प्रतिक्रियेला उत्तर: निर्यातीचा आकडा बनतो कुठे?

नमस्कार. आयात-निर्यातीच्या मासिक आकड्यांवरच्या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. आपण नेदरलँड्सला पाठवलेल्या द्राक्षांचा आपला आकडा आणि त्यांचा आयातीचा आकडा जुळत नाही. नोव्हेंबर २०२४च्या सोन्याच्या आयातीतून नंतर पाच अब्ज डॉलर वजा झाले. आणि म्हणून, ‘दिल्लीत बसून आकडे रचतात, तुम्ही ते छापता.’

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तो मला लागला. मी अकरा वर्षं एका क्लिअरिंग एजंटकडे, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्याकडे, शिपिंग बिलं भरली आहेत. शिपिंग बिल म्हणजे निर्यातीच्या मालाची कस्टम्सकडे द्यायची नोंद. दिल्लीहून दर महिन्याच्या पंधरा तारखेच्या सुमारास जो आकडा जाहीर होतो, तो अशा बिलांची बेरीज असतो. नाशिकची द्राक्षं न्हावा शेवा बंदराकडे निघाली की शिपिंग बिल दाखल होतं: ताज्या द्राक्षांचा कोड ०८०६१०००, निव्वळ वजन किलोत, शेवटचा देश, किंमत. आयातीला तसंच बिल ऑफ एंट्री. कस्टम्सच्या संगणकातून ही माहिती कोलकात्याला वाणिज्य मंत्रालयाच्या सांख्यिकी महासंचालनालयात जाते आणि तिथे आकडेवारी तयार होते. चुका होतात, त्या या वाटेवर. एकदा मीच वजनाच्या रकान्यात पेट्यांची संख्या टाकली होती. पाच किलोची पेटी, म्हणजे वजन एक पंचमांश झालं आणि किलोचा भाव पाचपट दिसायला लागला. भाव असा वेडावाकडा दिसला की चूक लपत नाही. मलाही बिलात दुरुस्ती करून घ्यावी लागली.

आता तुमची द्राक्षं. समजा, नेदरलँड्सच्या व्यापाऱ्याशी ४०,००० डॉलरचा सौदा झाला, त्यात जहाजाचं भाडं आणि विमा आलाच. आपल्या शिपिंग बिलात ते दोन्ही वजा करून माल बंदरात जहाजावर चढेपर्यंतची किंमत लागते, म्हणजे एफओबी. भाडं-विमा ६,००० धरला तर आपल्याकडे निर्यात ३४,०००ची. नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात तोच कंटेनर उतरतो तेव्हा आयात सीआयएफ किमतीने, म्हणजे भाडं-विमा धरून नोंदतात: ४०,०००. माल एकच, कागद दोन्ही खरे, आणि फरक ६,०००चा. संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशीच अशा आहेत, निर्यात एफओबी आणि आयात सीआयएफ.

त्यात तारखांची भर. मार्चअखेर निघालेला कंटेनर तिकडे एप्रिलमध्ये पोचतो. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून कित्येक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली, ते दिवस आणखी वाढले. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचं जानेवारी ते डिसेंबर. आणि द्राक्षाचा हंगाम नेमका या दोन्ही वर्षांच्या सांध्यावर येतो. शिवाय रॉटरडॅमला उतरलेली सगळी द्राक्षं तिथेच खाल्ली जात नाहीत, ट्रकने जर्मनीलाही जातात. शिपिंग बिल भरताना निर्यातदाराला जो शेवटचा देश माहीत असतो तोच तो लिहितो. पुढचा ट्रक त्याला कुठून दिसणार?

सोन्याबाबत मात्र तुमचा राग रास्त आहे. नोव्हेंबर २०२४ची आयात आधी १४.८ अब्ज डॉलर जाहीर झाली आणि जानेवारी २०२५मध्ये ती ९.८४ अब्जांवर आली. सेझमधल्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रांतल्या, नोंदी वेगळ्या प्रणालीतून कस्टम्सच्या आइसगेट या संगणक प्रणालीवर हलवण्याचं काम चालू होतं. त्यात तेच सोनं दोनदा मोजलं गेलं, सेझमध्ये आलं तेव्हा एकदा आणि तिथून देशात सोडलं तेव्हा पुन्हा. एप्रिलपासूनचे महिनेही मग दुरुस्त करावे लागले. एवढा मोठा आकडा बाहेर जाण्याआधी कुणीतरी थांबून बघायला हवं होतं, आणि चूक कशी झाली हे दुरुस्तीबरोबरच सविस्तर सांगायला हवं होतं. सराफापासून बँकेपर्यंत सगळे या आकड्यावर निर्णय घेतात. पण रचलेला आकडा रचणारा स्वतः असा पाच अब्जांनी खाली आणत नाही. ही चूक मोजणीची होती.

माझी चूकही मान्य करतो. पहिला मासिक आकडा तात्पुरता असतो, पुढच्या महिन्यांत बदलतो, हे मी लेखात लिहिलं नव्हतं. तक्त्याखाली ती ओळ आज घातली आहे.

नेदरलँड्सचा आकडा तुम्ही कुठल्या वर्षाचा घेतलात ते कळवा. कोडचे पहिले सहाच अंक, ०८०६१०, घ्या. त्यापुढचे अंक प्रत्येक देशाचे आपापले असतात. दोन्हीकडचे जानेवारी ते डिसेंबर महिने लावा, डॉलरबरोबर किलोही बघा. किलोला भाडं-विमा चिकटत नाही. त्यानंतरही मोठा फरक उरला तर मला कळवा, मी बसून पुन्हा तपासतो.