नाव घ्या, नाव!

हॉलिवूडच्या काळ्या यादीत, म्हणजे कम्युनिस्ट म्हणून ज्यांना काम नाकारलं जायचं त्यांच्यात, जायचं म्हणता? विचार उत्तम आहे, पण त्यासाठी आधी नाव असावं लागतं. चित्रपट दिग्दर्शक ज्यूल्स डासिनचा धडा गिरवा. रशियातून अमेरिकेत आलेल्या ज्यू न्हाव्याचा हा पोरगा, जन्म १९११ चा. तरुणपणी कम्युनिस्ट पक्षात शिरायचं आणि १९३९ मध्ये हिटलर-स्टालिन करार झाला की वैतागून बाहेर पडायचं. बाहेर पडल्याचा उपयोग शून्य. वहीत नोंद शिरल्याचीच होते. मग १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या खऱ्याखुऱ्या रस्त्यांवर 'द नेकेड सिटी' काढा. त्याला दोन ऑस्कर मिळाले की नाव झालंच.

आता मित्र. आपल्याकडे लग्नात नवरीला 'नाव घे, नाव घे' करतात ना, तसंच कम्युनिस्ट हुडकणारी अमेरिकी काँग्रेसची समिती साक्षीदारांना करायची. फरक एवढाच, की नवरीला यमक जुळवावं लागतं आणि तिचं एका नावात भागतं. मित्र दिग्दर्शक एडवर्ड डमिट्रिकसारखा गाठा. आधी समितीला उत्तरं न देता तुरुंगात जाणारा आणि १९५१ मध्ये मन पालटून उखाण्यांचा सपाटा लावणारा. त्यातल्या एका उखाण्यात डासिन बसला. डमिट्रिकला मात्र कामं मिळू लागली.

तुम्ही पॅरिस गाठा. तिथे १९५३ मध्ये फ्रेंच नट फर्नांदेलचा विनोदी चित्रपट मिळेल आणि शूटिंग तोंडावर आलं की हातचा जाईल. तुमचं नाव असलेला चित्रपट अमेरिकेत लागणार नाही, ही समज निर्मात्यापर्यंत बरोबर पोचलेली असते.

पुरते कफल्लक झालात की न आवडलेल्या कादंबरीवरही चित्रपट करता येतो. त्या 'रिफिफी'तला दागिन्यांच्या दुकानावरचा दरोडा सुमारे अर्धा तास चालवा. संवाद नको, संगीतही नको. समितीपुढे इतकी बडबड झाल्यावर जरा शांतता बरी. वरच्या घरातून छत फोडायचं आणि भोकातून खाली उघडलेल्या छत्रीत ढलप्या झेलायच्या. (संगीतकार ओरिक हट्टाने संगीत रचेलच. त्याला प्रसंग दोन्ही प्रकारे दाखवा, तोच म्हणेल, काढून टाका.)

सेझार या तिजोरीफोड्याचं काम स्वतःच करा, पेर्लो व्हिता या उसन्या नावाने. हा सेझार पुढे साथीदारांची नावं फोडतो आणि म्होरक्या, त्याच्याबद्दल माया असूनही, त्याला गोळी घालतो. ज्याने कधी कुणाचं नाव घेतलं नाही त्यानेच हे काम करावं. डमिट्रिकला विचारलं असतं तर मोबदला फार पडला असता.

१९५५ मध्ये कान चित्रपट महोत्सवात उत्कृष्ट दिग्दर्शनाचं पारितोषिक घ्या. आडनावामुळे लोक तुम्हाला फ्रेंच समजतील, समजू द्या. ग्रीक अभिनेत्री मेलिना मर्कुरीबरोबर ग्रीसमध्ये जम बसवा. तिथल्या 'नेव्हर ऑन संडे'साठी, ज्यांनी वाळीत टाकलं त्यांच्याच ऑस्करच्या यादीत दिग्दर्शक म्हणून नाव येईल. यादी म्हटली की दचकू नका.

एवढ्यावर थांबलात तर कच्चे राहाल. याच चित्रपटाचं संगीत नाटक करून १९६७ च्या एप्रिलमध्ये ब्रॉडवेवर आणा. दहा दिवसांत तिकडे ग्रीसमध्ये लष्करी अधिकारी सत्ता बळकावतील. मेलिना गप्प बसणारी नाही. तिचं नागरिकत्व काढून घेतलं जाईल. मग ज्या न्यूयॉर्कमध्ये लहानाचे मोठे झालात तिथेच बसा, आणि घरी ग्रीसला कधी जायला मिळतं याची वाट पाहा.