हळकुंडातला भुंगेरा लवंगेला भीत नाही

पाऊस सरत आला की सांगली-साताऱ्याकडच्या घरांत एक मेसेज हमखास फिरायला लागतो. मथळा साधारण असा: 'अस्सल हळदीला कीड लागत नाही.' खालचा मजकूर थोडक्यात असा. हळद स्वतःच जंतुनाशक, म्हणून किडली तर ती भेसळीची समजा. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीतल्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षं राहायची ती याचमुळे. तरीही किडे दिसलेच तर दोन तास उन्हात पसरा, ते उडून जातात. डब्यात लवंगा, तमालपत्र आणि कडुलिंबाचा पाला टाका. एक रात्र फ्रिजमध्ये ठेवा. काहीच जमलं नाही तर दळून आणा, दळताना सगळं मरतं.

यातले एकदोन मुद्दे अर्धवट बरोबर आहेत, आणि घात तेच जास्त करतात.

आधी किडा ओळखून घेऊ. दोन ते तीन मिलिमीटर लांबीचा, तांबूस तपकिरी, पाठीला कुबड आलेला आणि डोकं खाली दुमडून घेतलेला भुंगेरा. बोट लावलं की पाय आखडून मेल्याचं सोंग घेतो. शास्त्रीय नाव लॅसिओडर्मा सेरीकॉर्नी, इंग्रजीतलं चालू नाव सिगारेट बीटल. निपाणीकडच्या वखारीतल्या तंबाखूला आणि शौकिनांच्या पेटीतल्या सिगारींना लागतो तो हाच. याच्याच जवळचा एक भाऊबंद मसाल्यांत सापडतो. त्याच्या पाठीवर उभ्या रेषा असतात, याची पाठ गुळगुळीत. उपाय दोघांवर एकच, त्यामुळे भिंग शोधत बसायची गरज नाही.

'हळद जंतुनाशक आहे, तिला कीड लागूच शकत नाही.' जंतू वेगळे, कीटक वेगळे. हळदीच्या तेलाचा वास साठवणीतल्या काही किड्यांना नकोसा होतो हे खरं; तांदळाला हळद चोळून ठेवतात ती उगाच नाही. पण या भुंगेऱ्याला तो नियम लागू नाही. तंबाखूतलं निकोटीन हे एकेकाळी पिकांवर फवारायचं कीटकनाशक होतं, आणि हा तंबाखूवरच पोसतो! त्याच्या आतड्यालगत यीस्टसारखी बुरशी राहते. ती त्याला ब जीवनसत्त्वं पुरवते आणि विषारी पदार्थ पचवायला मदत करते. त्या जोरावर तो हळद, सुंठ, मिरची, धने, सुपारी, अगदी जुन्या पुस्तकांच्या बांधणीतली खळसुद्धा खातो.

म्हणून किडीवरून भेसळ ठरत नाही. 'कीड लागली म्हणजे रसायनमुक्त' हा उलटा मेसेजही तितकाच पोकळ. भेसळ प्रयोगशाळेत कळते. घरी कळतं ते एवढंच की हळकुंड नीट वाळलेलं आहे का. वाळलेलं हळकुंड मोडताना खणखणीत आवाज येतो. लवचिक वाटलं, आवाज बसका आला, तर ओल राहिली आहे. अख्ख्या हळदीत 12 टक्क्यांपेक्षा आणि पुडीत 10 टक्क्यांपेक्षा जास्त ओल नसावी. नीट वाळलेल्या मालात किडा वाढतो हळू, पण वाढतोच.

'पेवांत हळद टिकायची, कारण ती अस्सल होती.' हा मुद्दा आपल्याच गावचा, म्हणून थोडं सविस्तर. सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात हळदीची पेवं होती: जमिनीत खोल खणलेले, तोंडाशी अरुंद आणि आत पोट सुटलेले खड्डे. हळद भरून तोंड मातीनं लिंपलं की बाहेरची हवा बंद. आतले किडे आणि सूक्ष्मजीव उरलासुरला ऑक्सिजन वापरून टाकत, त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड साठे, आणि किडे गुदमरून मरत. हळद तीच, किडाही तोच. फरक फक्त हवेचा. म्हणूनच पेव उघडल्यावर कुणी लगेच आत उतरत नसे. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरून मोठं नुकसान झालं आणि माल गोदामांत, शीतगृहांत गेला. तीच हळद उघड्या पोत्यात आली की किडते.

हे तत्त्व घरी वापरता येतं, आणि मेसेजमध्ये खरं तर हेच असायला हवं होतं. रबरी कडं असलेली 5 लिटरची काचेची बरणी घ्या, त्यात अडीच किलो हळकुंडं भरा. मधल्या फटींत सुमारे तीन लिटर हवा राहते, म्हणजे 600 मिलिलिटरच्या आसपास ऑक्सिजन. तो शोषायला 500 मिलिलिटर क्षमतेच्या दोन ऑक्सिजन शोषक पुड्या पुरतात. पुड्यांचं पाकीट फोडल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत बरणी बंद करा, आणि तीन आठवडे उघडू नका. मध्येच उघडली की पुड्या बाद, मोजणी पुन्हा पहिल्यापासून. नेहमीच्या स्टीलच्या डब्यात हे होत नाही. झाकण कितीही घट्ट वाटलं तरी कडेनं हवा येत राहते.

'दोन तास उन्हात ठेवा, उडून जातात.' उडून जातात हे खरं, पण जातात शेजारच्या चटणीच्या डब्यात. उडणारा भुंगेरा हळद खात नसतोच. तो थोडे आठवडे जगतो, जोडी जमवतो, मादी पन्नास-शंभर अंडी घालते, संपलं. हळद पोखरते ती अळी: पांढरी, लवदार, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली, आणि ती हळकुंडाच्या आत असते. बाहेर टाचणीएवढं भोक दिसतं तेव्हा आतलं काम उरकलेलं असतं.

आता उन्हाचा हिशेब. हा किडा सर्वांत जोमानं वाढतो तो 30 ते 35 अंशांत. ऑक्टोबरातल्या उन्हात गच्चीवर ढीग करून ठेवलेल्या हळकुंडांचा गाभा साधारण तिथवरच तापतो. म्हणजे ऊब दिली, इतकंच. मारायला गाभ्यात 55 ते 60 अंश लागतात, आणि तेही काही तास टिकून. शिवाय उन्हानं हळदीचा रंग उडतो, पुडीचा तर फारच लवकर. उष्णताच द्यायची तर ओव्हन बरा: एकच थर, 65 अंश, हळकुंडं पूर्ण तापल्यावर पुढे तीन तास. घरगुती ओव्हनच्या बटणावर भरवसा नको, आत वेगळा तापमापक ठेवा. थोडं तेल उडेल, वास किंचित उतरेल.

'लवंग, तमालपत्र, कडुलिंब.' वास बरणीत राहतो, अळी हळकुंडात. कडुलिंबाचा ओला पाला टाकलात तर वर आणखी ओल घातलीत, म्हणजे किडीसोबत बुरशी.

'एक रात्र फ्रिजमध्ये.' दिशा बरोबर, कप्पा चुकला, वेळही चुकली. फ्रिजच्या खालच्या भागात 4-5 अंश असतात. तिथे किड्याची वाढ थांबते, तो लगेच मरत नाही. बाहेर काढलं की पुढे चालू. मारायचं तर उणे 18 अंश हवेत. एकदारी फ्रिजच्या वरच्या छोट्या बर्फाच्या कप्प्यात ते बहुधा मिळत नाहीत. दोनदारी फ्रिजचा फ्रीझर किंवा डीप फ्रीझर लागतो.

हळद अर्धा-अर्धा किलोच्या चपट्या पाकिटांत भरा. पाच किलोचा गठ्ठा टाकलात तर मधला भाग थंड व्हायलाच दोन दिवस जातात, आणि अंडी नेमकी तिथेच वाचतात. पाकीट दुहेरी, हवा दाबून काढलेलं. फ्रीझरमध्ये पाकिटं एकमेकांवर रचू नका, पहिल्या दिवशी मध्ये बोटभर फट ठेवा. सात दिवस ठेवा. दार सारखं उघडत असेल किंवा भारनियमन असेल तर दहा.

बाहेर काढल्यावर सगळ्यात जास्त चुका होतात. थंड पाकीट लगेच फोडलं की हवेतली वाफ हळदीवर जमते, पुडीच्या गाठी होतात, आणि महिन्यानं बुरशी धरते. पाकीट बंद ठेवूनच पूर्ण एक दिवस बाहेर राहू द्या. बाहेरून आलेलं दव पुसा, मगच उघडा. सिगार जपणारे तर आणखी एक पायरी घालतात: फ्रीझरमधून आधी एक दिवस साध्या फ्रिजमध्ये, मग बाहेर, कारण एकदम तापमान बदललं की सिगारीचं वरचं पान तडकतं. हळकुंडाला तेवढे लाड नकोत.

'दळताना सगळं मरतं.' डंकावर किंवा चक्कीत बहुतेक अळ्या मरतात. पण त्यांची विष्ठा, कात, पाय हे सगळं पुडीतच राहतं आणि भाजीत जातं. भोकं पडलेलं हळकुंड मोडून पाहा. आत पिवळा भुसा निघाला तर ते टाकून द्या. वजनाला हलकं लागलं तरी तेच. आणि गिरणीत आधी कुणाची किडकी मिरची दळली असेल तर निरोगी हळदीतही अंडी येऊ शकतात. म्हणून दळून आणलेली पूड डब्यात भरण्याआधी फ्रीझरचा आठवडा पाळलेला बरा.

मेसेजच्या शेवटी कुणीतरी 'धान्यात टाकायची गोळी' सुचवलेली असते. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात आणायच्याच नाहीत. हवेतल्या ओलीनं त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, त्यावर उतारा नाही, आणि बंद खोलीत तो झोपलेल्या माणसांना मारतो. बोरिक पावडर आणि डांबरगोळ्याही खायच्या वस्तूत नकोत.

डबा साफ केला तरी कीड परत येते, कारण उगम डब्यात नसतो. देव्हाऱ्यात ओटीची हळकुंडं, सुपाऱ्या, खारका वर्षानुवर्षं साठतात. तिथे आधी बघा. मग मिश्रीची डबी, तंबाखूची पुडी, कुत्र्याचं कोरडं खाणं, माळ्यावरचं रुखवत. पातळ पिशव्या हा किडा कुरतडून आरपार जातो, त्यामुळे रबर लावलेली पिशवी म्हणजे बंद डबा नव्हे. जुनी गोणपाटं पुन्हा वापरू नका, शिवणीत कोश राहतात. फळ्यांच्या फटी पाण्यानं न धुता व्हॅक्यूमनं ओढा, आणि त्याची पिशवी त्याच दिवशी घराबाहेर टाका.

मग बरणीच्या तळाशी पांढरा कागद घालून ठेवा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत अंड्याचा भुंगेरा व्हायला महिना ते दोन महिने लागतात, म्हणून कागद साठ दिवस दर आठवड्याला पाहायचा. ऑक्सिजन शोषक पुड्या घातलेल्या बरणीचा कागद झाकण न काढता काचेतूनच बघा. त्यावर बारीक पिवळं पीठ पुन्हा पडलेलं दिसलं, तर गाभ्यापर्यंत थंडी पोचली नव्हती; तीच पाकिटं अर्ध्या जाडीची करून पुन्हा आत.