‘व्हिसा मिळाला, पण वकिलामुळे नाही’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही दोन स्टार दिलेत. लिहिलंत की अमेरिकेला विकलेलं मशीन बसवायला इंजिनिअर पाठवायचा साधा बी-१ (धंद्याच्या कामासाठी थोड्या दिवसांचा) व्हिसा, पण आमच्या ऑफिसने फाइल मुद्दाम घोळवली. पहिल्या मीटिंगमध्ये नको त्या व्हिसांवर लेक्चर देऊन वर त्याची फी लावली. फोन उचलले नाहीत. आणि व्हिसा मिळाला तो इंजिनिअरच्या हुशारीवर, आमच्यामुळे नाही. मशीन तिकडे पोचून खोक्यात पडून राहिलं आणि तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे.

फीचं आधी संपवते. तुम्ही जी रक्कम लिहिलीत त्यात १८५ डॉलर अर्जाचं सरकारी शुल्क आहे. ते आमच्याकडे येत नाही आणि व्हिसा नाकारला तरी कुणाला परत मिळत नाही. लेक्चरचं म्हणाल, तर एल-१ ला (कंपनीतल्या कंपनीत बदलीचा व्हिसा) तिकडे तुमची शाखा किंवा सहकंपनी लागते, ती नाही. एच-१बी ला (तिकडच्या नोकरीचा व्हिसा) अमेरिकेतला मालक लागतो, शिवाय नोंदणी मार्चमध्ये आणि काम सुरू ऑक्टोबरपासून. हे दोन्ही का बसत नाहीत ते बघितल्याशिवाय बी-१ च योग्य, असं मी कशाच्या जोरावर सांगणार होते? कुठला व्हिसा मागायचा हे ठरवणं हेच तर आमचं काम. फॉर्म काय, कुणीही भरतं.

पण ‘मुद्दाम घोळवली’ हे मात्र गिळवत नाही.

अशिलाच्या फाइलमधलं चारचौघांत बोलणं वकिलाला शोभत नाही, नियमातही बसत नाही. म्हणून तुम्ही स्वतः जे लिहिलंय तेवढंच धरते. ‘कॉन्ट्रॅक्टचं एक पान मागत बसले.’ हो, बसलो. कारण सगळी केस त्या एका पानावर उभी होती. बी-१ वर मीटिंग करा, सौद्याची बोलणी करा, कॉन्फरन्सला जा. प्रत्यक्ष काम करता येत नाही. याला मोजके अपवाद आहेत आणि त्यातला एक तुमच्यासारख्या कारखानदारांसाठीच आहे. परदेशी कंपनीने अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला मशीन विकलं, तर ते बसवायला, दुरुस्त करायला किंवा तिथल्या लोकांना शिकवायला कंपनीचा माणूस बी-१ वर जाऊ शकतो. पण विक्रीच्या करारातच तसं कलम हवं. माणसाला त्या मशीनची खास माहिती हवी, आणि पगार इकडूनच, अमेरिकेतून एक पैसा नाही. बांधकामाला तर हातही लावायचा नाही. फार तर देखरेख करायची किंवा शिकवायचं.

पर्चेस ऑर्डरमध्ये हे कलम नव्हतं. तुम्ही पर्चेस ऑर्डर पाठवलीत. कराराचं पान मागितलं तर तीच पुन्हा, या वेळी रंगीत स्कॅन करून. मग व्हॉट्सअ‍ॅपवर एकदाचा कराराचा फोटो आला, तर नेमक्या त्या कलमावर कुणाचा तरी अंगठा. (हे फाइलमधलं झालं खरं, पण अंगठ्याला गोपनीयता लागू होत नसावी.) तुमच्या ऑफिसात फोन केला की अकाउंट्सकडे जोडून देत, आणि अकाउंट्सवाले म्हणत, साहेब प्रदर्शनाला गेलेत. त्यात गिऱ्हाइकाच्या निमंत्रणपत्रात लिहिलेलं, तुमचा इंजिनिअर ‘प्लांटच्या टीममध्ये काम करेल’. व्हिसा अधिकारी हे वाचून काय समजेल? नोकरीला चाललाय. ते पत्र दुरुस्त करून घ्यायचं तर लिहिणारा तिकडे, सही तिकडची, आणि त्यांची सुट्टी. यातला उशीर आमच्या खात्यावर लिहिलात, याचं वाईट वाटतं.

आणखी एक. ‘शेवटी पासपोर्टवर बी-१/बी-२ असंच आलं, मग एजंट म्हणत होता तसं टुरिस्ट लिहून दोन दिवसांत झालं असतं,’ असंही तुम्ही लिहिलंय. इथे मला खरंच राग आला. धंद्याच्या (बी-१) आणि टुरिस्ट (बी-२) व्हिसाला शिक्का तोच येतो, कबूल. पण डीएस-१६० मध्ये, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात, प्रवासाचं कारण काय लिहिलं, त्याखाली सही अर्जदाराची असते. टुरिस्ट म्हणून गेलेला माणूस टूलबॉक्स घेऊन विमानतळावर उतरला आणि कशासाठी आलात असं विचारलं, तर तो काय सांगणार? खोटं कारण देऊन व्हिसा घेतला असं ठरलं, तर तो कायमचा अपात्र ठरू शकतो. एजंट नाही ठरत, तो पोरगा ठरतो. ४ सप्टेंबर २०२५ ला जॉर्जिया राज्यात ह्युंदाई-एलजीच्या बॅटरी कारखान्याच्या साइटवर धाड पडली, ४७५ जणांना ताब्यात घेतलं, त्यात तीनशेहून जास्त कोरियन. कित्येक जण अल्पमुदतीच्या व्हिसावर किंवा व्हिसामाफीवर गेलेले. ती बातमी तुम्हीच मला फॉरवर्ड केली होतीत, खाली लिहून, ‘मॅडम, आपलं नीट आहे ना?’ नीट असावं म्हणूनच ते पान मागत होते.

इंजिनिअर हुशार आहेत, त्यात वादच नाही. मुलाखतीच्या खिडकीशी वकील नसतोच. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याचं २१४(बी) कलम मुळात धरूनच चालतं की समोरचा तिकडेच राहायला चाललाय. तसं नाही हे अर्जदारालाच दोन-चार मिनिटांत पटवून द्यावं लागतं. त्यांनी ते उत्तम केलं. त्याची तयारी मात्र आमच्या ऑफिसात बसून झाली, रविवारी, आणि त्याची वेगळी फी लावलेली नाही. हे रिव्ह्यूत आलं असतं तर बरं वाटलं असतं. छोटं ऑफिस आहे, नवीन अशील आधी रिव्ह्यू वाचूनच येतो.

फोनसाठी वेगळी व्यवस्था करतोय, आणि लागणाऱ्या कागदांची यादी यापुढे अजून लवकर देण्याचा प्रयत्न राहील.

स्टार वाढवा असं म्हणत नाही. ‘मुद्दाम’ तेवढं काढलंत तर आभारी राहीन.

आणि इंजिनिअर आता तिकडे आहेत, तर त्यांना आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची सरकारी नोंद) ऑनलाइन उघडून त्यावरची तारीख बघायला सांगा. राहायची मुदत तीच, व्हिसावर छापलेली नव्हे. मशीन चालू व्हायला वेळ लागणार असेल तर ती तारीख उलटायच्या आत आम्हाला कळवा.